तांबडा डाग आणि रंगाऱ्याची विद्या

वस्त्रावर पडलेला डाग आणि रंगाऱ्यानें वस्त्रास दिलेला रंग यांत शास्त्रदृष्ट्या भेद असा कांहींच नाहीं. एक आपण दाम मोजून करवून घेतों, दुसरा फुकट आणि नको तेथें होतो, इतकेंच. म्हणून डाग काढूं इच्छिणारानें परटाकडे जाण्यापूर्वीं मनानें रंगाऱ्याकडे जाऊन यावें. रंग पक्का बसावा म्हणून रंगारी काय काय करितो? तो कापड ऊन पाण्यांत बुडवितो, त्यास वेळ देतो, आणि तुरटी किंवा लोहाचा क्षार लावून रंग व धागा यांची गांठ मारितो. डाग पडल्यावर आपण घाबरून जें करितों तें बहुधा हेंच असतें. आपण ऊन पाणी आणि साबण घेऊन रगडूं लागतों, कोणी तुरटी फिरवितो, कोणी कपडा लोखंडी बादलींत भिजत टाकतो, आणि शेवटीं 'उद्यां पाहूं' म्हणून सारें तसेंच ठेवून देतों. रंगाऱ्याचें उरलेलें काम अशा रीतीनें आपणच पुरें करून देतों.

हा विषय आज घेण्याचें कारण आमच्याकडे आलेलीं कांहीं पत्रें. तांबड्या द्राक्षमद्याचा, म्हणजे ज्यास आतां सर्रास 'वाइन' म्हणतात तिचा, डाग गालिच्यावरून कसा काढावा असा प्रश्न त्यांत आहे, आणि तो लिहिणारांनीं बराच संकोच करीत लिहिला आहे. पन्नास वर्षांपूर्वीं असा प्रश्न आपल्या घरांतून उठला नसता. परंतु २००१ सालीं महाराष्ट्र शासनानें द्राक्षप्रक्रियेस उत्तेजन देणारें धोरण जाहीर केलें, नाशिक, दिंडोरी, निफाड या बाजूस मद्याचे कारखाने उभे राहिले, आणि नारायणगांवाकडे तर हा उद्योग त्याहि आधीं आला होता. आमच्या सांगवींत आज एकाच छपराखालीं आजीचें सोंवळें आणि हिंजवडीच्या कचेरींतून येणाऱ्या नातवाच्या मित्रांनीं आणलेली बाटली, अशीं दोन्हीं नांदतांना दिसतात. तें योग्य कीं अयोग्य याचा निकाल ज्या त्या कुटुंबानें करावा. त्यासाठीं हें सदर नाहीं. ज्यांस हा विषय अगदींच परका वाटेल त्यांनीं आपलें औषधांचें कपाट उघडून पाहावें. तेथें द्राक्षासवाची बाटली उभी असेल, आणि तिचा डाग थोड्याफार फरकानें याच जातीचा आहे.

आतां या डागांत असतें काय तें पाहूं. तांबड्या मद्याचा रंग द्राक्षाच्या रसाचा नसून सालीचा असतो. बहुतेक काळीं द्राक्षें हलकेच पिळलीं तर रस फिकटच निघतो. साल त्या रसांत आंबत राहिली म्हणजे तिचा रंग उतरतो, आणि सालीबरोबर बियांतला तुरटपणाहि येतो. रंगद्रव्याचें नांव अँथोसायनिन. १८३५ सालीं मार्क्वार्ट नांवाच्या जर्मन रसायनज्ञानें ग्रीक भाषेंतील 'फूल' आणि 'निळें' या अर्थाचे दोन शब्द जोडून तें नांव केलें. फुलाफळांतल्या जांभळ्या-तांबड्या रंगांचें हें एक मोठें कुटुंब आहे. जांभूळ, आमसूल, डाळिंबाचे दाणे, तांबडी जास्वंद हे सारे त्यांतलेच. काळ्या द्राक्षाच्या सालींत माल्व्हिडिन म्हणून जें द्रव्य असतें तें जांभळांतहि आहे. तेव्हां ज्या माउलीला ज्येष्ठ-आषाढांत मुलांच्या सदऱ्यांवरील जांभळाचे डाग काढतां येतात, तिला वाइनचा डाग काढण्याची विद्या नव्यानें शिकावयास नको. नांव मात्र नवें शिकावें लागेल.

या रंगाचा स्वभाव समजून घेण्यास एक सोपा प्रयोग आहे, तो मुलांस अवश्य दाखवावा. तांबड्या जास्वंदीच्या चार पाकळ्या ऊन पाण्यांत कुसकरून रंगीत पाणी काढावें व दोन वाट्यांत घालावें. एका वाटींत लिंबाचे दोन थेंब पिळावे, दुसरींत चिमूटभर धुण्याचा सोडा टाकावा. पहिली वाटी लालभडक होते, दुसरी निळसर-हिरवी. अँथोसायनिन हा आंबटांत लाल आणि क्षारांत निळा होणारा रंग आहे. साधारण साबण क्षारयुक्त असतो. म्हणून तांबड्या डागास साबण लावतांच तो एकदम निळा-काळा दिसूं लागतो आणि घरांत हाहाकार उडतो. वास्तविक तेवढ्यानें घाबरण्याचें कारण नाहीं. त्या जागीं पाण्यांत मिसळलेला थोडा सिरका टिपून लावल्यास रंग पुन्हां तांबडा होतो. पण क्षारानें डाग निघत नाहीं आणि लोंकर व रेशीम यांस इजा मात्र होते, म्हणून आरंभ साबणाच्या वडीनें करूं नये हें बरें.

दुसरा घटक तुरट द्रव्याचा, ज्यास टॅनिन म्हणतात. हा लोहाशीं मिळाला कीं काळा होतो. ज्यांनीं बोरूनें कित्ता गिरविला त्यांस हें सांगावयास नको, कारण हिरडा आणि हिराकस यांची शाई हीच त्याची साक्ष. हिरड्यांत टॅनिन, हिराकसांत लोह. दोन्हीं एकत्र आलीं कीं न पुसणारें काळें. जुन्नर-आंबेगांवच्या डोंगरांतून हिरडा गोळा होतो तो याच तुरट द्रव्यासाठीं चामडें कमावण्याच्या आणि रंगाच्या उद्योगांत जातो. आतां विचार करावा कीं मद्याचा, चहाचा किंवा विड्याच्या काताचा डाग पडलेलें वस्त्र आपण गंजक्या बादलींत रात्रभर भिजत ठेवलें, तर आपण काय केलें? आपण शाई केली. आणि तुरटी ही तर रंगाऱ्याची आवडती वस्तु. तिच्यामुळें वनस्पतींचे रंग धाग्यास घट्ट धरतात. दाढीनंतर गालावर फिरविण्यास ती उत्तम आहे, डागावर फिरविण्यास नाहीं.

संस्कृत साहित्यशास्त्रकारांस रंगांचे हे स्वभाव चांगले ठाऊक होते. विश्वनाथानें साहित्यदर्पणांत प्रेमाचे नीलीराग, कुसुंभराग आणि मंजिष्ठाराग असे तीन प्रकार सांगितले आहेत. नीळ भपका करीत नाहीं पण जातहि नाहीं. करडईच्या फुलाचा रंग शोभतो पण उडतो. मंजिष्ठेचा शोभतोहि आणि टिकतोहि. चंचल प्रेम करणारास संस्कृतांत 'हरिद्राराग' असा शब्द आहे, कारण हळदीचा रंग उन्हांत उडतो. अलंकारशास्त्र शिकवितांना हा भाग आला कीं विद्यार्थी हंसत. पण हळदीचा डाग पडलेलें धोतर ओलें करून उन्हांत टाकावें हा उपाय त्या एका शब्दांतच सांगितलेला आहे. द्राक्षाचा रंग यांपैकीं कोणत्या वर्गांत बसवावा? ताजा असेपर्यंत तो कुसुंभ; शिळा होऊं दिला कीं हवेच्या योगानें त्यांतले कण एकमेकांस आणि धाग्यांस धरून बसतात, आणि तो मंजिष्ठेची ऐट आणूं लागतो. कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणांत रंगकामाला मुदती घालून दिल्या आहेत. हलक्या रंगास पांच रात्री, निळ्यास सहा, आणि लाख-मंजिष्ठेच्या तांबड्यास सात. तांबडा पक्का होण्यास वेळ लागतो. तो वेळ डागास देऊं नये.

आतां प्रत्यक्ष कृति. मद्य सांडलें कीं पहिल्या पांच मिनिटांचें काम एकच: टिपणें. घासणें नव्हे, टिपणें. जुनें पांढरें धोतर किंवा पंचा याहून चांगली वस्तु या कामीं नाहीं. धुवून धुवून मऊ झालेला सुती कपडा पाणी ओढून घेतो. तो पांढराच असावा, नाहीं तर त्याचाच रंग गालिच्यास लागेल. घडी करून डागावर दाबावी, उचलावी, कोरडी बाजू पुन्हां दाबावी. डागाच्या कडेकडून मध्याकडे यावें, म्हणजे डाग पसरत नाहीं. घासल्यानें गालिच्याचे केंस पिंजले जातात आणि रंग खोल जातो. असा पिंजलेला भाग डाग निघाल्यावरहि कायम वेगळा दिसतो.

टिपून झाल्यावर थंड पाणी, आणि तेंहि चमच्याचमच्यानें. गालिच्यावर तांब्या ओतण्याचा मोह अनेकांस होतो. गालिच्याच्या पाठीस पुष्कळदां ताग असतो. तो चिंब भिजला कीं वाळतांना त्यांतला तपकिरी रंग वर चढतो, आणि तांबड्या डागाच्या जागीं मोठा तपकिरी डाग मिळतो. चमचाभर पाणी, टिपणें, पुन्हां चमचाभर पाणी, टिपणें, असें दहा-पंधरा वेळां करावें. कंटाळवाणें आहे खरें. पण ताजा डाग अर्ध्याहून अधिक यानेंच जातो.

मीठ टाकावें असें पुष्कळजण सांगतात. मीठ ओलावा ओढतें हें खरें, आणि जवळ कापड नसेल तर मूठभर टाकण्यास हरकत नाहीं. परंतु पंच्यापुढें त्याची मातब्बरी नाहीं, आणि मीठ टाकून निजावयास जाणें म्हणजे पुन्हां वेळ देणेंच. तांबड्यावर पांढरी वाइन ओतावी असाहि एक उपाय पाश्चात्य देशांतून आला आहे. तिनें होतें तें इतकेंच कीं रंग पातळ होतो, आणि तें काम नळाचें पाणी फुकट करितें. दूध ओतणारेहि भेटतात. जांभळाचा डाग पडलेला सदरा दुधांत भिजविला तर तो पुढें धुतां येतो. गालिच्यांत मुरलेलें दूध कोण धुणार? चार दिवसांनीं नाकच सांगतें.

नळाच्या पाण्यावरून एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती आमच्या भागाची आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेनें २०१९ च्या अखेरीस एक दिवसाआड पाणी देण्यास आरंभ केला, आणि सोसायट्यांतून कूपनलिकेचें व टँकरचें पाणी पवनेच्या पाण्यांत मिसळूं लागलें. दख्खनच्या काळ्या खडकांतून येणारें हें पाणी बहुधा जड असतें. त्यांतील चुन्याच्या व मॅग्नेशियमच्या क्षारांशीं साबण मिळून चिकट साका धरतो, आणि कांहीं ठिकाणीं त्यांत लोहहि उतरतें. लोह आणि टॅनिन यांचें सख्य वर आलेंच आहे. डाग काढावयास पाणी लागतें तें वाटी-दोन वाट्या. तेवढें स्वयंपाकघरांतल्या पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रांतून घ्यावें. धुण्याच्या नळाचें घेऊं नये.

पाण्यानें जें उरेल त्याला वस्त्राप्रमाणें निरनिराळा उपचार आहे, आणि येथें आमचे पूर्वज आपल्यापेक्षां शहाणे होते. मनुस्मृतीचीं इतर मतें कोणास मान्य असोत वा नसोत, तिच्या पांचव्या अध्यायांत वस्त्रशुद्धीचा जो श्लोक आहे त्यांत सरसकट एकच उपाय सांगितलेला नाहीं. रेशीम व लोंकर यांस खारी माती, कांबळ्यास रिठा, बारीक तलम वस्त्रास बेलफळ, आणि क्षौमास पांढरी मोहरी, असें प्रत्येकाचें वेगळें आहे. 'डाग कशाचा?' याच्या जोडीला 'वस्त्र कशाचें?' हा प्रश्न विचारलाच पाहिजे, हें तेव्हांच ओळखलेलें होतें. यांतली खारी माती आम्ही आज रेशमास किंवा लोंकरीस लावूं देणार नाहीं. दोन्हीं प्राणिज धागे आहेत, आणि क्षार त्यांस झिजवितो. रिठा मात्र आजहि तितकाच निर्धोक आहे. लोंकरीच्या गालिच्यास रिठ्याचें गाळलेलें थंड पाणी, किंवा वाटीभर पाण्यांत सौम्य द्रव साबणाचे चार थेंब व चमचाभर पांढरा सिरका, असें घेऊन टिपावें. रिठ्याच्या पाण्यास स्वतःचा पिवळट रंग असतो, म्हणून पांढऱ्या शुभ्र लोंकरीस तें वापरूं नये. शेवटीं साध्या पाण्यानें टिपून साबणाचा अंश काढावा. राहिला तर त्यावर धूळ बसून त्या जागीं पुन्हां काळें मंडळ उमटतें.

पांढऱ्या सुती वस्त्रास, चादरीस, टेबलावरील कापडास याहून जोराचा उपाय चालतो. अमेरिकेंत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेंत द्राक्षमद्याचें शास्त्र शिकविलें जातें. तेथें या डागांवर निरनिराळे उपाय करून पाहिले गेले, तेव्हां हायड्रोजन पेरॉक्साइड आणि भांडीं घासण्याचा द्रव साबण समभाग मिसळून केलेलें साधें मिश्रण अग्रभागीं आलें. आपल्या औषधांच्या दुकानांत हें द्रव्य बहुधा शेंकडा ६ टक्क्यांचें मिळतें. त्यांत तितकेंच पाणी घातलें कीं तें ३ टक्क्यांचें होतें, आणि तेवढें पुरे. लावून अर्धा तास ठेवावें, धुवावें, लागल्यास पुन्हां लावावें. तें रंगच नाहींसा करितें, म्हणून रंगीत वस्त्रावर लावण्यापूर्वीं आंतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहावा. डागाबरोबर नक्षीहि जाईल तर काय उपयोग?

सुती वस्त्रांपुरता ऊन पाण्याच्या निषेधास एक अपवाद आहे. जांभूळ, आमसूल किंवा मद्य यांचा अगदीं ताजा डाग असेल तर पांढरें सुती कापड पातेल्याच्या तोंडावर ताणून बांधावें आणि वरून कढत पाण्याची धार धरावी. रंग पाण्यांत विरघळून खालीं जातो. कापडांत मुरण्यास त्यास जागाच मिळत नाहीं. हें घरांतल्या जाणत्या स्त्रीनें करावें, मुलांनीं नव्हे. लोंकर आटते, रेशमाचें तेज जातें. त्यांवर कढत पाणी कधींहि घालूं नये.

आतां एक निषेध निक्षून सांगतों. क्लोरीनचें ब्लीच रेशमास व लोंकरीस पिवळें करून अक्षरशः खाऊन टाकतें. याहूनहि भयंकर म्हणजे तें सिरक्याशीं, लिंबाशीं किंवा न्हाणीघर धुण्याच्या आम्लाशीं मिळालें तर विषारी वायु निघतो. बंद खोलींत तो जिवावर बेतूं शकतो. 'एकानें जात नाहीं तर दोन्हीं घालून पाहूं' ही बुद्धि स्वयंपाकांत क्वचित् चालेल, येथें चालणार नाहीं.

एवढें सांगून झाल्यावर ज्या गोष्टीनें डाग खरा पक्का होतो तिच्याकडे वळतों. ती गोष्ट रसायनाच्या पुस्तकांत नाहीं. आमच्या ओळखीच्या एका मोठ्या कुटुंबांत दिवाणखान्यांत लोंकरीचा एक जुना गालिचा आहे. येरवड्याच्या तुरुंगांत एके काळीं उत्तम गालिचे विणले जात. आजोबांनीं तो तेथूनच घेतला होता. एकदां वडील मंडळी देवदर्शनास गेलीं असतां नातवानें मित्रांस बोलाविलें, नाशिकची बाटली उघडली गेली, आणि पेला उपडा झाला. पेला कोणाच्याहि हातून पडला असो, सून घाबरली. तिनें त्या जागेवर बैठें मेज ओढून ठेवलें. पुढें अकरा दिवस तें मेज तेथेंच होतें, आणि त्या अकरा दिवसांत त्या मुलीस नीट झोंप लागली नसावी. गौरींच्या साफसफाईंत मेज हललें आणि डाग उघडा पडला. तोंवर तो तपकिरी-जांभळा होऊन बसला होता.

सासूबाई रागावल्या त्या डागावर नव्हे, बाटलीवर. बोलणें वाढलें. आजेसासूबाईंनीं मात्र कोणास न विचारतां रिठे भिजत घातले. दुसऱ्या दिवशीं त्या आणि नातसून अशा दोघीजणी गालिच्यावर बसून तासभर टिपीत होत्या. त्यांनीं विचारलें, "अगं, त्याच दिवशीं सांगितलं असतंस तर?" ती म्हणाली, "सांगायचं तर कशाचा डाग हेंहि सांगावं लागलं असतं, आजी." म्हाताऱ्या बाई हंसल्या. "कशाचा तेंच तर आधीं सांगायचं असतं गं. नाहीं तर काढायचा कसा?"

डाग तीन हिस्से निघाला. मध्यें रुपयाएवढी सांवळी छटा अजून आहे. सासूबाईंनीं बाटलीचा विषय सोडला नाहीं, आणि सोडावा असें आम्ही म्हणत नाहीं. तो त्यांचा अधिकार आहे. परंतु त्यांनीं तो नातवाशीं काढावयास हवा होता, आणि गालिच्याची काळजी आधीं करावयास हवी होती. एकत्र कुटुंबांत नव्या सुनेच्या हातून फुटलेली बरणी, करपलेली कढई, सांडलेला पेला हे तिच्या परीक्षेचे प्रश्न समजले जातात, आणि ती लपविण्यास शिकते. मग बरण्यांचे तुकडे माळ्यावर सांपडतात आणि डाग मेजाखालीं. घरांतल्या कर्त्या स्त्रीनें एकदां उघड सांगून ठेवावें कीं, 'कांहीं सांडलें तर पहिल्या पांच मिनिटांत मला हांक मारा. काय आणि कोणाचें तें आपण संध्याकाळीं बोलूं.' हा नियम रिठ्यापेक्षां आणि पेरॉक्साइडपेक्षां जास्त डाग काढतो, अशी आमची खात्री आहे.

राहिलेल्या दोन-चार डागांबद्दल थोडक्यांत लिहितों. द्राक्षासव, द्राक्षारिष्ट यांत गुळाचा अंश असतो; वरवर डाग गेलेला दिसला तरी साखर राहिल्यास इस्त्रीच्या उष्णतेनें ती करपून पिवळा डाग उमटतो. तेव्हां पाण्यानें नीट धुतल्याशिवाय इस्त्री फिरवूं नये. सोलकढीच्या डागांत आमसुलाचा रंग आहे तसा नारळाचा स्निग्धांशहि आहे, म्हणून पाण्यानंतर सौम्य साबण हवाच. विड्याच्या डागांत कात आणि चुना दोन्हीं असतात. ताजा असतां थंड पाणी व आंबट दहीं लावून पाहावें, शिळा असेल तर पांढऱ्या सुती वस्त्रास पेरॉक्साइड. हळदीच्या डागास साबण लावला कीं तो रक्तासारखा लाल होतो, भिऊं नये. हळद आणि क्षार यांच्या याच लालीपासून आपलें पूर्वापारचें कुंकू होतें. चांगलें धुवून ओलें वस्त्र उन्हांत टाकावें. एका दिवसानें न गेल्यास दुसऱ्या दिवशीं पुन्हां टाकावें.

पैठणी, शालू, जुना रेशमी कद यांवर घरीं पाण्यानें टिपण्यापलीकडे कांहीं करूं नये, आणि जरीच्या जवळ तर पाणीहि जपूनच न्यावें. ताज्या डागावर कोरडा पंचा दाबावा व वस्त्र त्याच दिवशीं कोरड्या धुलाईवाल्याकडे पोंचवावें. आजकाल बाजारांत जीं 'एन्झाइम'युक्त चूर्णें मिळतात त्यांतलीं कित्येक प्रथिनें पचविणारीं असतात. रेशीमहि प्रथिनच, म्हणून तीं चूर्णें रेशमास लावूं नयेत. धुलाईवाल्यास वस्त्र देतांना डागाच्या भोंवतीं पांढऱ्या दोऱ्यानें सैल टांका घालावा आणि चिठ्ठी लावावी. चिठ्ठीवर डाग कशाचा, केव्हां पडला आणि आपण त्यावर काय काय लावलें हें स्पष्ट लिहावें. 'सरबत' असें लिहून वाइनचा डाग देणारे गृहस्थ आम्हांस ठाऊक आहेत.

गालिचा वाळविण्याची एक युक्ति सांगून हात आंवरता घेतों. शेवटचें टिपणें झालें कीं त्या जागेवर पंच्याची जाड घडी, तिच्यावर मेणकापड, आणि त्यावर जड वजन रात्रभर ठेवावें. खोल गेलेला ओलावा व त्याबरोबरचा उरलासुरला रंग घडींत वर चढतो. वजनास पाटा-वरवंटा नको, कडा रुततात. आम्ही आपट्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश वापरतों. मेणकापड मात्र विसरूं नये.

पुढील महिन्यांत लोखंडाच्या गंजाचे डाग, आणि ते काढतांना लिंबू, मीठ व ऊन यांचा क्रम कोणता असावा, हें पाहूं.